आयर्न मेडन पहिल्यांदाच प्रत्यक्ष, पण ड्रम्सवर निको नाही. जाऊ का?

जुनी_कॅसेट

नमस्कार मंडळी. प्रश्न पोरकट वाटेल, पण दोन आठवडे झोप नीट नाही म्हणून विचारतोय.

मी आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड ऐकायला लागलो १९९३ साली. म्हणजे गायक ब्रूस डिकिन्सन बँड सोडून चालला होता नेमका तेव्हा. माझं टायमिंग जन्मभर हे असंच. १९९९ मध्ये तो गिटारवाल्या एड्रियन स्मिथला घेऊन परत आला, तोवर मी नोकरीला लागलो होतो. पुढे दरवेळी दौरा जाहीर व्हायचा आणि दरवेळी काहीतरी आडवं यायचं. २०१५ मध्ये त्याच्या जिभेवर कॅन्सरची गाठ निघाल्याची बातमी आली तेव्हा वाटलं, संपलं, आता राहिलंच. तो बरा झाला, पुढच्या वर्षी स्वतः जम्बो जेट चालवत जगभर फिरला, आणि मी तरीही गेलो नाही.

आता मित्राकडे बँडच्या पन्नास वर्षांच्या दौऱ्याचं एक जादा तिकीट आहे. गाडी अडलीय ती निकोपाशी. निको मॅकब्रेन २०२४ च्या डिसेंबरात साओ पावलोच्या कार्यक्रमानंतर दौऱ्यांमधून निवृत्त झाला. माझ्यासाठी निम्मं मेडन म्हणजे निको. मला वाद्य एकही येत नाही, पण टेबल मिळालं की माझी बोटं त्याचेच ताल धरतात. ऑफिसात यावरून बोलणीही खाल्ली आहेत. त्याच्या जागी आता सायमन डॉसन. चांगलाच असेल हो. पण तो निको नाही.

त्यात मोबाइलवर काढलेले चार-पाच व्हिडिओ पाहिले आणि अजूनच बिनसलं. गायकाचा आवाज फाटल्यासारखा, ड्रम्स पत्र्याच्या डब्यासारखे. बत्तीस वर्षं डोक्यात जे जपलंय ते एका रात्रीत मोडायचं का, असं वाटतं.

आणखी दोन गोष्टी. माझा डावा कान अधूनमधून वाजतो, म्हणजे शिट्टीसारखा आवाज येतो. आणि गाण्यांची यादी आधी बघावी की बघू नये? गेलो तर एकटाच जाणार आहे.

विंगेतला

जा.

नसेल जायचं तर त्या मित्राचा नंबर मला निरोपात पाठवा.

चौथी_तार

जुनी_कॅसेट, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. २०२५ च्या मे महिन्यात हीच सगळी रडगाणी मी माझ्या भावाला ऐकवत होते, फक्त कान वाजण्याचं सोडून.

मी एकोणपन्नास वर्षांची बाई. मेडन माझं नव्हतंच, भावाचं होतं. त्याच्या खोलीचं दार बंद असायचं आणि मी पलीकडच्या खोलीत अभ्यास करायची. भिंतीतून आवाज येतो तो फक्त बास गिटारचा. गिटारच्या चाली, शब्द, किंकाळ्या, सगळं भिंत खाऊन टाकते. त्यामुळे दोन-तीन वर्षं माझ्या लेखी मेडन म्हणजे बासवाल्या स्टीव्ह हॅरिसच्या बोटांची घोडदौड, बास्स. पुढे ती कॅसेट माझ्या हाताला लागली तेव्हा धक्काच बसला, की यात माणूस गातोसुद्धा! कॉलेजात दोन वर्षं बास वाजवला, वाईट वाजवला, सोडला. भाऊ आता काहीच ऐकत नाही. पण मत त्याला प्रत्येक गोष्टीवर असतं.

तर, मी त्या उन्हाळ्यात युरोपच्या टप्प्यातला एक कार्यक्रम पाहिला. मोकळं स्टेडियम. दारं उघडली तेव्हाच आत शिरले आणि अगदी पुढे न जाता मिक्सरच्या, म्हणजे आवाज सांभाळणाऱ्यांच्या, तंबूपुढचा कठडा पकडला. हा सल्ला मला एका जुन्या चाहत्याने दिला होता, तुम्हाला मी देते: पाठ टेकायला लोखंड मिळतं, मागून धक्के येत नाहीत आणि आवाज तिथे सगळ्यात नीट लागतो. शेजारी एक पोरगा होता, विशीतला, ताडमाड. बराच वेळ माझ्याकडे बघून शेवटी विचारलं, तुमचा मुलगा पुढे आहे का? म्हटलं, नाही रे, मीच आलेय. तो एवढा ओशाळला की पुढचे तीन तास माझी पिशवी त्याने सांभाळली.

वाट पाहण्यात पाय मोडतात, ते खरं आहे. गुडघ्यांचा विचार करून जा.

आता तुम्हाला बहुतेक माहीत असेल, पण ऐकणं वेगळं आणि तिथे उभं असणं वेगळं, म्हणून सांगते. मेडन मंचावर येण्याआधी स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागतं. वर्षानुवर्षं हेच. त्याआधी तास-दीड तास कुठली ना कुठली गाणी वाजतच असतात, त्यामुळे ज्यांना ठाऊक नाही ते गप्पा मारत राहतात. ज्यांना ठाऊक आहे ते एकदम कामाला लागतात. कुणी बुटाची नाडी आवळतो, कुणी चष्मा पुसून घट्ट बसवतो, कुणी लांब गेलेल्या मित्राला हातवारे करून बोलावतो. माझ्या पुढे पन्नाशीचे तिघे होते, आडदांड, दाढ्या पिकलेल्या. तोवर हवामानावर बोलत होते. पहिले सूर आले आणि तिघेही बोलायचे थांबले. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो शेवटपर्यंत काढलाच नाही. आणि मी? दुसऱ्याच बँडचं गाणं, तेही रेकॉर्ड केलेलं, आणि माझे डोळे वाहतायत. पोरगा माझी पिशवी धरून दुसरीकडे बघत राहिला. शहाणा होता.

मग बाहेर अजून उजेड असतानाच सुरू झालं. पहिली तीन गाणी १९८१ च्या दुसऱ्या अल्बममधली, म्हणजे मूळ ब्रूसच्या आधीच्या गायकाने, पॉल डिॲनोने, गायलेली. डिॲनो २०२४ च्या ऑक्टोबरात गेला. त्याबद्दल मंचावरून काही म्हटलं असेल तर मला ऐकू आलं नाही, मी स्वतःच ओरडत होते.

आता तुमचा निको. खरं सांगते, पहिली चार गाणी मी हिशेबनीसासारखी उभी होते. बास ड्रम वाजवायला निकोचं एकच पेडल, तेही बऱ्याचदा अनवाणी पायाने, आणि तरी दोन पेडलवाले लाजतील असा बास ड्रम. १९८३ च्या अल्बमपासून आपण तेच ऐकत आलोय, कान तेच मागतो. डॉसनचा प्रत्येक फिल (ठेक्यामधली ड्रम्सची छोटी तान) मी तपासत होते: हा इथे घ्यायला हवा होता, इथे झांज जरा लवकर. काही जागा मला सपाट वाटल्या. निको तालाच्या मागे जरा रेंगाळून मग अंगावर येतो. हा माणूस सरळ चालतो. तुम्हालाही ते कळेल, कारण तुमची बोटं टेबलावर घडलीयत. नाही कळणार असं मी सांगणार नाही.

पण मग ते तेरा मिनिटांचं गाणं आलं. १९८४ चं, कोलरिजच्या कवितेवरचं, अल्बट्रॉस पक्षी मारणाऱ्या खलाशाचं. तोवर अंधार पडला होता. गाण्याच्या मध्ये एक जागा आहे, तुम्हाला पाठ असेल: सगळं थांबतं, वारा पडलेल्या समुद्रावर जहाजाची लाकडं करकरतात आणि खाली बास हळूहळू एकेक सूर सोडत जातो. एवढं मोठं स्टेडियम, आणि कुणी खाकरत नव्हतं. ते सूर मला कानाने नाही, छातीच्या हाडात ऐकू आले. भिंतीपलीकडून ऐकलेलं तेच होतं, फक्त मध्ये भिंत नव्हती.

मग गिटारी उसळून वर आल्या, सगळे उड्या मारायला लागले आणि मीही मारल्या, त्याची किंमत गुडघ्यांनी पुढचे चार दिवस वसूल केली. घरी परतताना आठवायला लागले की त्या तेरा मिनिटांत ड्रम्स कसे होते. एकही फिल आठवेना. हिशेबाची वही कुठेतरी पडली होती.

ब्रूसचा आवाज: तो १९५८ चा जन्म आहे. काही उंच जागा तो आखूड करतो, काही चक्क प्रेक्षकांवर सोडतो. शेवटी परत येऊन ते लढाऊ विमानांचं गाणं घेतात, त्यात तो ओढून नेतोय हे दिसतं. पण त्याआधी लाल कोट घालून झेंडा फिरवत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो ते बघून मला माझ्या जिन्याची लाज वाटली. स्टीव्ह मात्र जसाच्या तसा. मंचावरच्या मॉनिटर स्पीकरवर पाय, बासची मान बंदुकीसारखी लोकांवर रोखलेली, आणि प्रत्येक गाण्याचा प्रत्येक शब्द ओठांनी म्हणत. सत्तरीला टेकलेला माणूस, पन्नास वर्षं हीच गाणी वाजवतोय आणि अजून शब्द म्हणतो. मी बराच वेळ फक्त तेच पाहिलं.

यादीचं म्हणाल तर मी आधी पाहिली आणि पस्तावले. ते तेरा मिनिटांचं गाणं एकदम अंगावर आलं असतं तर काय झालं असतं, हे आता कधीच कळणार नाही. एवढंच सांगून ठेवते: या दौऱ्यात गाणी पहिल्या नऊ अल्बममधलीच आहेत, १९८० ते १९९२. नंतरच्यांपैकी एखादं तुमचं लाडकं असेल तर त्याच्यासाठी डोळे लावून बसू नका.

मोबाइल खिशात ठेवा. बँडनेच दौऱ्याआधी तशी विनंती केली होती, आणि माझ्या आसपास तरी बऱ्याच जणांनी पाळली. मी 'फिअर ऑफ द डार्क'ला मोह आवरला नाही. त्यात गिटारची चाल सगळं स्टेडियम गातं, शब्द नसलेली नुसती चाल. ती बारा सेकंद घेतली आणि शेवटी 'ऑलवेज लुक ऑन द ब्राइट साइड ऑफ लाइफ' लागलं (हे लागलं की आता कुणी परत येणार नाही असं समजायचं), तेव्हा लोंढ्याबरोबर बाहेर पडता पडता भावाला पाठवली.

त्याचं उत्तर सकाळी आलं. "बास कुठे आहे?"

फेडरवाला

ताईंचा भाऊ बरोबर बोलला. आणि जुनी_कॅसेट, तुमच्या पत्र्याच्या डब्याचं उत्तरही त्यातच आहे. मी बावीस वर्षं साउंडचं काम करतो, मेडनचा चाहता वगैरे नाही, पण हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच.

मोबाइलचा माइक बोलणं पकडायला केलेला असतो. मोठ्या कार्यक्रमातला आवाज त्याच्या आवाक्याबाहेरचा. खालचे सूर तो जवळजवळ टाकूनच देतो आणि बाकीचं आपोआप दाबून एका पातळीला आणतो. त्यामुळे किक ड्रमचा, म्हणजे बास ड्रमचा, धक्का जातो आणि उरते ती झांजांची चरचर. वर माइक सगळ्यात जवळचं आधी ऐकतो, म्हणजे मोबाइल धरणाऱ्याचं स्वतःचं बेसूर गाणं. अर्धा फाटका आवाज डिकिन्सनचा नसून त्याचाच असेल. त्यावरून ड्रमरची परीक्षा करू नका. गायकाचीही नको.

जागा: मिक्सरच्या पुढचा कठडा, ताईंनी सांगितलं तेच. कार्यक्रम मिक्स करणारा माणूस त्याच जागेवरून ऐकत असतो. अगदी पुढे, कठड्याला पोट लावून उभे राहाल तर मुख्य स्पीकर डोक्यावरून जातात आणि खालच्या सुरांचे स्पीकर, सबवूफर, पोटात बसतात. बँड जवळून दिसतो पण शब्द कळत नाहीत. फार मागे गेलात तर दुसरी गंमत. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मंचापासून शंभर मीटरवर असाल तर हात झांजेवर पडलेला दिसतो आणि आवाज जवळपास पाव ते एक तृतीयांश सेकंदाने येतो. मध्ये डिले टॉवर उभे करतात, त्यांचे स्पीकर मुद्दाम तेवढेच उशिरा वाजवतात, म्हणजे निदान मंचावरचा आणि टॉवरचा आवाज एकमेकांत घुसत नाही. पण डोळे आणि कान काही जुळत नाहीत. तुमच्यासारख्या ड्रमवेड्या माणसाला ते असह्य होईल.

आता कान. हे मनावर घ्या. कान वाजतो म्हणताय तर जायच्या आधी कानाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. हिशेब असा धरतात: ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. रॉकच्या कार्यक्रमात १०० सहज असतात आणि तुम्ही तिथे दोन तास असणार. फोमचे बोळे स्वस्त आणि चांगले, पण ते वरचे सूर जास्त खातात, गाणं उशीखालून आल्यासारखं लागतं. वादक वापरतात ते फिल्टरवाले इअरप्लग घ्या, ते सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतात. घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, मग आत सरकवायचा. आणि "एकच गाणं नीट ऐकतो" म्हणून मध्ये काढायचे नाहीत. सगळे काढतात. मीही काढायचो. माझा उजवा कान आता रात्री झोपू देत नाही.

मागच्या_रांगेतला

सगळे जा जा म्हणतायत म्हणून मुद्दाम लिहितो. मी मागच्या एका दौऱ्यात पाहिलं त्यांना. गॅलरीत, सगळ्यात वर. वारा सुटला की आवाज यायचा-जायचा, रेडिओचं स्टेशन हलावं तसा. पूर्ण वेळ पडदाच पाहिला. शेजारचे दोघे आपल्या घराच्या रंगकामावर बोलत होते, अथपासून इतिपर्यंत. एडीचं, म्हणजे बँडच्या चिन्हाचं, ते भलंमोठं भूत मंचावर चालत आलं ते मला करंगळीएवढं दिसलं. घरी येऊन १९८५ चा लाइव्ह अल्बम लावला आणि म्हटलं, हेच खरं.

पुन्हा जाणार नाही. अर्थात गेलो नसतो तर हे इतकं ठासून सांगता आलं नसतं.

चौथी_तार

मागच्या_रांगेतला, रंगकामवाले प्रत्येक कार्यक्रमात असतात हो. माझ्या वेळी ते पोराच्या पलीकडे होते आणि विषय गाडीच्या विम्याचा होता.

फेडरवाला, मी काहीच घातलं नव्हतं कानात. दोन दिवस घुमत होतं. हे आधी लिहायला हवं होतं, लाज वाटली म्हणून गाळलं.

जुनी_कॅसेट

सगळ्यांचे आभार. तिकीट घेतलं. यादी पाहिलेली नाही, आणि इथे कुणी पाहू देऊ नका. चौथी_तार ताई, ते तेरा मिनिटांचं तुम्ही फोडलंतच, पण तुम्हाला माफ.

जुनी_कॅसेट

परवा जाऊन आलो. सविस्तर नंतर लिहीन, घसा बसलाय आणि बोटंही दुखतायत, त्याचं कारण खाली येतं.

डॉक्टरांकडे गेलो होतो. फिल्टरवाले प्लग घातले, एकदाही काढले नाहीत. पहिल्या गाण्याला वाटलं पैसे वाया गेले, तिसऱ्याला विसरलो घातलेत ते. मिक्सरचा कठडा मिळाला नाही, त्याच्या डावीकडचा खांब मिळाला. 'डॉक्टर डॉक्टर' लागलं तेव्हा नाडी आधीच बांधलेली होती, तरी सोडून परत बांधली.

ड्रम्सचं. मी त्या खांबावर पूर्ण वेळ ताल धरला होता, दोन्ही हातांनी. बऱ्याच ठिकाणी आमचं जमलं. दोन जागी मी फिल घेतला आणि मंचावरून आलाच नाही, एका जागी तो आला आणि मी तयार नव्हतो. मी निकोचं वाजवत होतो, तो त्याचं वाजवत होता. शेवटच्या गाण्यापर्यंत मी त्याच्याकडे बघून वाजवायला लागलो होतो.

बोटं सुजलीयत. उद्या ऑफिस आहे.